स्मोकरमधलं पाणी मांसासाठी नसतं, विस्तवासाठी असतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहता, १८ इंची वेबर स्मोकी माउंटन, म्हणजे कोळशाच्या धुरात मांस हळूहळू शिजवायचा उभा स्मोकर घेतलाय आणि आतापर्यंत तीनदा पेटवलाय. पहिल्या खेपेला मधल्या भांड्यात नळाचं पाणी काठोकाठ भरून पोर्क शोल्डर (डुकराचा खांदा) केला. त्याला १४ तास लागले, पण चवीला उत्तम झाला. दुसऱ्यांदा तसंच पाणी भरून कोंबडीच्या तंगड्या केल्या, तर कातडी चिवट, दातांनी ओढून तुटेना. तिसऱ्यांदा शेजाऱ्यांच्या सल्ल्यानं पाण्याऐवजी वाळू भरली, तर काटा ३०० फॅरनहाइटच्या पुढे गेला आणि दोन तास खाली आला नाही. घरात बीफ चालत नाही. पोर्क, चिकन आणि मटण करायचंय. तर पाणी घालावं की नाही?

पोर्कला घाला. चिकनला अजिबात घालू नका. मटणाला निम्म्या वाटेपर्यंत घाला. आणि तुमच्या स्मोकरची नस सापडेपर्यंत, म्हणजे पहिले आठ-दहा स्वयंपाक, लांब शिजणाऱ्या कुठल्याही मांसाला पाणी न घालता बसू नका. हे मी टेक्सासात ह्यूस्टनजवळ राहून १६ वर्षं स्मोकर चालवण्याच्या अनुभवावरून सांगतोय. त्यातली पहिली नऊ वर्षं माझ्याकडे तुमच्यासारखाच उभा, बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा स्मोकर होता. पुढे मी लाकडावर चालणारा आडवा ऑफसेट घेतला, ज्यात विस्तव बाजूच्या पेटीत असतो. पण नुसतं 'घाला, घालू नका' सांगून उपयोग नाही. कारण कळलं की चौथ्या, पाचव्या पदार्थाचं तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

आधी एक समजूत काढून टाकू. भांड्यातल्या पाण्याची वाफ मांसात शिरते आणि मांस रसरशीत होतं, असं जवळजवळ प्रत्येकाला वाटतं. मलाही वाटायचं. तसं काही होत नाही. कच्च्या मांसात वजनाच्या पाऊण हिस्सा पाणीच असतं. उष्णता लागली की स्नायूंचे तंतू आवळतात आणि ते पाणी बाहेर ढकलतात. आतून पाणी बाहेर येत असताना बाहेरची वाफ आत कशी जाणार? मऊ झालेल्या पोर्क शोल्डरमध्ये तोंडाला जो रस लागतो, तो चरबीचा आणि कोलॅजनचा. कोलॅजन म्हणजे स्नायूंना बांधून ठेवणारी चिवट जाळी. मांसाच्या आतलं तापमान १६० फॅरनहाइटच्या पुढे गेलं की ती तासन् तास हळूहळू विरघळून जिलेटिन होते. पायाचा रस्सा गार झाल्यावर थिजतो ना, तेच जिलेटिन. म्हणून शोल्डर १९५ ते २०३ पर्यंत न्यावा लागतो. त्याला वेळ लागतो आणि त्या सगळ्या वेळात विस्तव शांत राहावा लागतो. पाण्याचं भांडं येतं ते इथे.

तुमच्या स्मोकरची रचना बघा. खाली निखारे, वर जाळीवर मांस आणि मधोमध ते भांडं. भांडं नसेल तर निखाऱ्यांची झळ सरळ मांसाच्या बुडाला लागते. तेव्हा भांड्याचं पहिलं काम आडोशाचं, आणि ते पाण्याशिवायही होतं. दुसरं काम मात्र फक्त पाणीच करू शकतं. भांड्यात पाणी आहे तोवर त्या भांड्याचं तापमान २१२ फॅरनहाइटच्या, म्हणजे पाण्याच्या उकळीच्या, वर जात नाही, खाली कोळसा कितीही फुललेला असो. ज्यादा उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. हे आपल्या घरात रोज घडतं. कुकरच्या तळाशी पाणी आहे तोवर वरण करपत नाही. पाणी आटलं की पाच मिनिटांत वास येतो.

आकडे सांगतो, म्हणजे पाणी किती उष्णता पितं याचा अंदाज येईल. एक लिटर उकळत्या पाण्याची पूर्ण वाफ व्हायला सुमारे २,२५७ किलोज्यूल लागतात. चार लिटर गार पाणी २० अंश सेल्सियसपासून उकळीला आणायला सुमारे १,३४० किलोज्यूल. चांगल्या कोळशाच्या एका किलोतून २८ ते ३० हजार किलोज्यूल उष्णता निघते, पण त्यातली बरीचशी हवेच्या वरच्या झडपेतून आणि पत्र्यातून निघून जाते. म्हणजे चार लिटर पाणी आटवण्यात तुमचा अर्धा किलो तरी कोळसा सहज जातो. टेक्सासात हे चालून जातं. न्यू जर्सीच्या जानेवारीत, वारा सुटलेला असताना, बर्फासारखं पाणी भरलंत तर पहिला दीड तास तुमचा विस्तव पाणीच तापवत बसतो. तुमच्या १४ तासांचं मोठं कारण हेच असणार. झाकणावरचा काटा २२५ दाखवत असला तरी खालच्या जाळीवर, मांसाशेजारी, कदाचित २०५ असेल. जाळीवर लावायचा एक स्वतंत्र तापमापक घ्या आणि पाणी किटलीत उकळवून मगच भांड्यात ओता. एवढ्या दोन गोष्टींनी दोन तास वाचतील.

आता वाफेकडे येतो. वाफ मांसात शिरत नसली तरी निरुपयोगी नाही, आणि हा भाग मला या साऱ्या विषयात सगळ्यात सुंदर वाटतो. शोल्डर चढवल्यावर पहिले तीन-चार तास आतलं तापमान भराभर चढतं. मग १५० ते १७० च्या दरम्यान कुठेतरी ते थांबतं. दोन तास, तीन तास, कधी पाच तास काटा हलत नाही. इथले लोक याला 'स्टॉल' म्हणतात. नवखा माणूस इथेच घाबरतो आणि झडपा उघडतो. पूर्वी लोक सांगत, कोलॅजन वितळताना उष्णता शोषली जाते म्हणून असं होतं. ग्रेग ब्लॉन्डर या भौतिकशास्त्रज्ञानं साधे प्रयोग करून दाखवलं की कारण वेगळंच आहे. त्यानं स्मोकरमध्ये एक ओला स्पंज ठेवला आणि दुसरीकडे निव्वळ चरबीचा गोळा. ज्यात कोलॅजनचा कणही नाही तो स्पंज थांबला. ज्यातून पाणी सुटत नाही ती चरबी न थांबता तापत गेली. म्हणजे हा घामाचा खेळ आहे. मांसाच्या पृष्ठभागावरून पाणी उडतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. माठातलं पाणी गार होतं तसंच.

माठ म्हटला की पुढचं आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. नागपूरच्या मे महिन्यात वाळ्याचा कूलर खोली गार करतो; तोच कूलर मुंबईत लावला तर नुसता दमट वारा येतो. हवा कोरडी असेल तर पाणी भराभर उडतं आणि गारवा जास्त. हवा ओलसर असेल तर उडत नाही आणि गारवा कमी. स्मोकरमध्येही तेच. कोळसा जळताना वाफ जवळपास होतच नाही, म्हणून तुमच्या स्मोकरची हवा मुळात नागपूरची. भांड्यात पाणी ठेवलंत की ती मुंबईकडे सरकते. मांसाचा घाम कमी उडतो, पृष्ठभाग लवकर सुकून कडक होत नाही, आणि जाळीवरचं तापमान तेवढंच राखलंत तर स्टॉल जरा वरच्या आकड्यावर येतो आणि लवकर सुटतो. 'पाण्यामुळे वेळ लागतो' आणि 'पाण्यामुळे लवकर होतं' ही दोन्ही वाक्यं तुम्ही ऐकली असतील. दोन्ही खरी आहेत: पाणी विस्तव खातं म्हणून तापमान पडतं, पण तापमान पडू दिलं नाही तर दमट हवेत मांस लवकर शिजतं.

धुराचाही फायदा होतो. धुराचे कण ओल्या, गार पृष्ठभागावर जास्त चिकटतात. म्हणून मांस फ्रिजमधून काढून थेट जाळीवर ठेवा. बाहेर तासभर ठेवून तापवू नका. कापल्यावर कडेला जी गुलाबी कड दिसते, ती धुरातला नायट्रिक ऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड मांसातल्या मायोग्लोबिनशी (मांसाला लाल रंग देणाऱ्या प्रथिनाशी) जोडला गेल्यामुळे येते, आणि ओलसर पृष्ठभागावर ती अधिक खोल जाते. तिला चव नसते, पण पाहुण्यांना आवडते.

या ओलाव्याची किंमतही मोजावी लागते. शोल्डरवरची काळपट, मसालेदार, खरपूस साल, जिला इथे 'बार्क' म्हणतात, ती कोरड्या पृष्ठभागावरच धरते. शेवटपर्यंत वाफेत ठेवलंत तर मसाला ओला राहतो आणि साल बोटाला चिकटते. म्हणून मी पोर्कला सुरुवातीलाच मोजकं पाणी घालतो, सहा-सात तासांत आटेल इतकं, आणि नंतर भरत नाही. तोवर विस्तव स्थिरावलेला असतो. पुढचे तास कोरडे जातात आणि साल धरते.

म्हणूनच चिकनला पाणी नको. कोंबडीच्या कातडीखाली चरबी असते आणि कातडी स्वतः कोलॅजनची. ती कुरकुरीत व्हायची तर चरबी वितळून वाहून गेली पाहिजे आणि कातडी सुकली पाहिजे. २२५ च्या दमट हवेत यातलं काहीच होत नाही. तुम्ही खाल्लंत ते वाफवलेलं चामडं होतं. तंगड्यांमध्ये मऊ करायला तासन् तास लागावेत असं काही नसतंच, मग हळू शिजवायचं कशाला? आदल्या रात्री मीठ लावून तंगड्या फ्रिजमध्ये उघड्या ठेवा, म्हणजे कातडी सुकेल. आपण दह्यात मुरवतो तसं करायचं असेल तर चढवण्याआधी दही निपटून काढा आणि वरून तेलाचा हात फिरवा. भांडं सरळ काढून टाका, तिन्ही खालच्या झडपा पूर्ण उघडा आणि ३२५ ते ३५० वर तासाभरात काढा. चरबी निखाऱ्यांवर पडून जो धूर उठतो, त्यातच या चिकनची चव आहे. अमेरिकी कृषी खात्याची कोंबडीच्या आतल्या तापमानाची सुरक्षित मर्यादा १६५ आहे, पण तंगडी १७५ ते १८५ पर्यंत नेली तर हाडाजवळची चिवटी सुटते.

शेजाऱ्यांची वाळू. वाळू वाईट नाही, पण तिचं काम वेगळं आहे. चार लिटर मापाची वाळू साधारण सहा किलो भरते आणि तेवढ्याच मापाच्या पाण्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकीच उष्णता साठवते. शिवाय तिला २१२ चं कुंपण नाही. निखारे भडकले की वाळूही त्यांच्याबरोबर तापत जाते, आणि एकदा तापली की तुम्ही झडपा बंद केल्या तरी ती वर मांसाला झळ देत राहते. तुमचा काटा दोन तास खाली आला नाही तो यामुळेच. मातीच्या कुंडीखालची ताटली फॉइलमध्ये गुंडाळून भांड्यात ठेवणारेही बरेच आहेत, आणि मी कोरडा स्वयंपाक करतो तेव्हा वाळूपेक्षा तीच पसंत करतो, कारण ती हलकी असते आणि स्वच्छ राहते. पण या दोन्हींत विस्तव आवरायचा तो तुमच्या हातांनी, झडपांवर. ती सवय आठ-दहा वेळा पाण्यावर शिजवल्यावरच लागते. पेटवतानाच थोडका विस्तव ठेवायची जिम मिनियन यांची रीत इथे फार उपयोगी: भट्टी न पेटवलेल्या कोळशानं भरायची आणि वर फक्त १५-२० फुललेले निखारे टाकायचे. विस्तव वरून खाली हळूहळू उतरत जातो. तापमान २०० ला आलं की खालच्या झडपा मिटायला लागा, २५० होईपर्यंत थांबू नका. चढलेलं तापमान उतरवणं हे चढवण्यापेक्षा कितीतरी अवघड.

भांड्यात सफरचंदाचा रस, बिअर, कांदा, तमालपत्र घालावं का, असंही तुम्ही विचारलंय. घालू नका. सुगंध येतो तो अंगणात. मांसाला काही लागत नाही. रसातली साखर मात्र तळाला लागून करपते. रस प्यायला ठेवा.

आता माझ्या हातून घडलेली एक गोष्ट, कारण ती धोक्याची आहे. नवव्या की दहाव्या वेळी मंडळाच्या सहलीसाठी मी रात्रभर दोन शोल्डर लावले होते. पहाटे साडेचारला उठलो तर भांडं कोरडं पडलेलं आणि वरून गळलेली चरबी त्यात धुमसत होती. अर्धवट झोपेत मी दारातून त्यात गार पाणी ओतलं. तापलेल्या तेलात पाणी पडल्यावर जे होतं ते झालं: वाफेचा भपका, उडालेली चरबी, निखाऱ्यांवर एक क्षणभर भडकलेली ज्वाळा. मनगटावरचा डाग अजून आहे. आणि चाळीस माणसांसाठी केलेल्या त्या मांसाला जळक्या चरबीचा कडवटपणा लागला होता, तो कुठल्याही सॉसनं झाकला गेला नाही. तेव्हापासून कोरड्या पडलेल्या भांड्यात मी पाणी घालत नाही, म्हणजे नाहीच. तळाशी पाणी दिसत असेल तरच, तेही कढत, लांब नळीच्या झारीनं आणि जाड हातमोजा घालून, हळूहळू. आटलंच असेल तर मांस फॉइलमध्ये गुंडाळायचं, म्हणजे चरबी गळायची थांबते, आणि झडपा मिटून पुढे जायचं. भांडं कोरडं वापरायचं ठरवलंत तरी आतून फॉइलचे दोन थर द्या आणि वरच्या थराखाली बोटभर पोकळी ठेवा, म्हणजे गळलेली चरबी तापल्या लोखंडाला लागणार नाही.

मटणाबद्दल थोडं अधिक, कारण अमेरिकेत मटण बार्बेक्यू होत नाही असं आपले लोक धरून चालतात. केंटकी राज्यात ओहायो नदीकाठी ओवेन्सबरो नावाचं गाव आहे. तिथे बार्बेक्यू म्हणजे मोठ्या मेंढीचं मटण, हिकरीच्या लाकडावर. तिथले लोक भांड्यात पाणी ठेवत नाहीत. व्हिनेगर, मीठ आणि वुस्टरशर सॉसचं पातळ मिश्रण शिजता शिजता मांसावर वारंवार फिरवतात. म्हणजे ओलावा हवेत न ठेवता थेट पृष्ठभागावर देतात. उघड्या भट्टीत तेच बरोबर, कारण तिथे वाफ टिकतच नाही. तुमच्या बंद स्मोकरमध्ये मात्र दर वेळी झाकण उघडणं म्हणजे उष्णता घालवणं. तुम्ही रान (मागची मांडी) न घेता खांदा घ्या. त्यात चरबी आणि कोलॅजन भरपूर. आलं-लसूण, मीठ आणि तुमचा मसाला लावून २५० वर, तीन लिटर कढत पाण्यावर चार तास, मग फॉइलमध्ये घट्ट गुंडाळून मांसाच्या आत २०० होईपर्यंत. गुंडाळल्यावर भांड्यात पाणी असलं काय, नसलं काय, मांसाला फरक पडत नाही. त्याची वाफ त्याच्यापाशीच असते. पोपटीत नाही का, मडक्यात थेंबभर पाणी न घालता भांबुर्ड्याच्या पाल्याच्या ओलाव्यावर शेंगा आणि कोंबडी शिजते. बंद जागेत ओलावा कोंडून ठेवला की तो बाहेरून द्यावा लागत नाही.

पुढे दुसरा स्मोकर घेतलात तर हा हिशेब बदलेल. बिग ग्रीन एगसारख्या जाड मातीच्या, अंड्याच्या आकाराच्या कामाडो भट्टीत हवा इतकी कमी खेळते की मांसाचाच ओलावा आत राहतो; तिथे पाणी लागत नाही. विजेवरच्या पेटीत तर दमटपणा आधीच जास्त. लाकडाच्या भुशाच्या गोळ्यांवर चालणाऱ्या पेलेट ग्रिलमध्ये पंखा सतत वारा घालतो, तिथे एक पसरट ट्रे कामाचा. माझ्या ऑफसेटमध्ये लाकूड जळतं, आणि एक किलो वाळलेल्या लाकडातून अर्ध्या लिटरहून जास्त पाणी वाफ होऊन निघतं. पण त्यात हवेचा झोतही मोठा, म्हणून विस्तवाच्या तोंडाशी एक रुंद भांडं मी ठेवतोच. भांडं खोल असण्यापेक्षा पसरट असावं, कारण वाफ पृष्ठभागावरून होते. कोपऱ्यात ठेवलेली वाटी काही करत नाही.

येत्या शनिवारी पुन्हा पोर्क शोल्डरच करा. वाऱ्याच्या बाजूला आडोसा करा, मिनियन रीतीनं पेटवा, चार लिटर कढत पाणी घाला, जाळीवर २५० धरा, आणि दर तासाचा आकडा कागदावर लिहा. मला खात्री आहे, दहा-अकरा तासांत होईल. जेवणं झाल्यावर भांडं लगेच उचलू नका. रात्रभर जागच्या जागी गार होऊ द्या. सकाळी वर चरबीची घट्ट साय आलेली असेल, ती उलथन्यानं काढून पिशवीत बांधून कचऱ्यात टाका आणि खालचं पाणी कुंपणाकडेला, झाडांच्या मुळांपासून लांब ओता. सिंकमध्ये ओतू नका. ती चरबी पाइपात थिजते आणि मग प्लंबरला बोलवावं लागतं.